मेमरी चिपच्या शेअरबाबत नोटशीट सादर

निर्णय घाईत घेतला की माणूस फसतो आणि विचारपूर्वक घेतला की नियमानुसार फसतो. भोपाळच्या मंत्रालयात एकतीस वर्षं फायली सरकवल्यामुळे हे सत्य मला लवकर कळलं. (निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी.)

आमचा मुलगा आशय एका रविवारी म्हणाला, "बाबा, मेमरी चिपवाल्या कंपनीचे शेअर घ्या. सारी दुनिया डेटा साठवतेय, जागा तो लगेगीच ना!" मुद्दा बिनतोड होता. आमच्या बाग सेवनियाच्या फ्लॅटमध्ये १९९४ची विजेची बिलंसुद्धा जपून ठेवलेली आहेत. पण म्हणून लगेच शेअर घ्यायचे? मी नोटशीट सुरू केली, म्हणजे प्रत्येकाचा शेरा आणि सही घेत फिरणारा सरकारी कागद.

टिपणी एक: प्रस्ताव उचित वाटतो. पत्नी कुसुम (वित्त विभाग) हिचा अभिप्राय मागवला. तिने लिहिलं, "हे पैसे माझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे आहेत." हा अभिप्राय नसून माहिती असल्याने नस्तीत फक्त नोंद घेतली. जावई जितेंद्ररावांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला. चर्चा दिवाळीत झाली. तोवर शेअर दुप्पट झाला होता, त्यामुळे प्रस्तावाचं औचित्य आपोआप सिद्ध झालं. होळीपर्यंत तो तिप्पट झाला आणि कुणाचीच हरकत उरली नाही. एकमताने खरेदी झाली. (भाव: आजवरचा सर्वोच्च. तो नेमका गाठणं सोपं नव्हतं.)

पंधरवड्यात शेअर निम्म्यावर आला.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. कुसुम भाजी घेऊन वर येताना दर मजल्याला थांबते, ते मला दारातून ऐकू येतं. खरं सांगायचं तर नोटशीट सावधगिरीसाठी नव्हतीच. चुकलं तर माझ्या एकट्याचं नाव पुढे येऊ नये, म्हणून होती. याची मला लाज वाटते.

विक्रीचा प्रस्ताव मी रीतसर तिच्यापुढे ठेवला. आशय म्हणत होता, "बाबा, अभी मत बेचो, होल्ड करा." कुसुमने चष्मा न लावताच कागद फाडला.

"अहो, विका आणि डॉक्टरांची तारीख घ्या. मी सही-बिही करणार नाही."

आयुष्यात प्रथमच मी बिनसहीचा निर्णय घेतला. उरलेल्या पैशांत एकाच गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं. कोणत्या, ते कुसुमने जागच्या जागी ठरवलं. ऑपरेशन नीट झालं. दुसरा गुडघा अजून दुखतो.

वाचकहो, तुम्हाला कुसुमबद्दल वाईट वाटलं असेल, यात शंका नाही. पण खरं सांगा, तिचा कोणता गुडघा दुखतो हे विचारावंसं वाटलं, की कंपनी कोणती आणि आज भाव काय, हे?