दंतवैद्याने मान डोलावली

आपण गप्पिष्ट आहोत म्हणूनच आपला दवाखाना चालतो, याबद्दल दंतवैद्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एक दिवस बायको म्हणाली, "तुमच्यासमोर बसणाऱ्याचं तोंड सदा उघडं, पण बोलता तुम्हीच. कधी कुणाचं ऐकूनही बघा."

हे त्याला लागलं. "उद्यापासून बघच. माझ्यासारखा ऐकणारा शोधून सापडायचा नाही." त्याने नियम ठरवले: मध्ये बोलायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, अधूनमधून मान डोलवायची.

सकाळी एक बाई दाढ दाखवायला आल्या. बोलणं दाढेवरून झोपेवर गेलं आणि झोपेवरून धाकट्या जावेवर. घर एक, व्हरांडा सामाईक, आणि धाकटीने आपलं कपाट नेमकं यांच्या दारासमोर आणून ठेवलेलं.

"आता मी मध्ये भिंतच घालते. चुकतंय का माझं?"

दंतवैद्याने समजूतदारपणे मान डोलावली. बाईंचे डोळे भरून आले. "इतकं कुणी ऐकून घेत नाही हो," म्हणत त्या दाढ तशीच घेऊन घरी गेल्या.

चौथ्या दिवशी दुसऱ्या एक बाई आल्या. गाल सुजलेला.

"थोरल्या जाऊबाईंनी व्हरांड्यात भिंत घालायला घेतलीय. कुणा शहाण्याने सल्ला दिला म्हणे."

दंतवैद्याने बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं; नियम म्हणजे नियम.

"मी ती पाडणार. बरोबर ना?"

मान आपोआप डोलली. एव्हाना तिला सवयच लागली होती.

संध्याकाळी दोघी जावा एकदमच दवाखान्यात शिरल्या. केसांत सिमेंटची धूळ.

"हेच म्हणाले, भिंत घाला."

"मला म्हणाले, पाडा."

"मी एक अक्षर बोललेलो नाही," दंतवैद्य म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच हे खरं होतं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हणजे आपल्याला झुंजवून हा मजा बघत होता?"

"आणि वर साळसूद चेहरा. चला जाऊबाई, कपाट मी आत घेते. दाढा दुसरीकडे दाखवू."

हातात हात घालून त्या गेल्या. दोन गिऱ्हाइकं गेली म्हणून दंतवैद्य दोन दिवस खिन्न होता. तिसऱ्या दिवशी पाहतो तर बाहेरची बाकं भरलेली. त्याने उत्साहाने हातमोजे चढवले आणि पहिल्या गृहस्थाला खुर्चीत बसवलं.

"कुठे दुखतंय?"

"दुखत काही नाही. त्या जावांची दिलजमाई तुम्हीच केलीत ना? आम्ही चौघे भाऊ आहोत. बाकीचे बाहेर बसलेत."