पांढऱ्या पट्ट्यावरची सेवाज्येष्ठता

विषय : जिऊ-जित्सू वर्गात सेवाज्येष्ठता डावलून कनिष्ठ प्रशिक्षणार्थीस पट्टी दिल्याबाबत.
संदर्भ : वर्गाचे हजेरीपुस्तक, अनुक्रमांक १७ (अर्जदार) व अनुक्रमांक ३१ (अर्जदाराची पत्नी).

उपरोक्त विषयाचा अर्ज श्री. रावजी डोर्लेकर, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार रत्नागिरी, यांनी तीन प्रतींत केला. तो करायची पाळी त्यांच्यावर का आली, हे कळायला मागे गणपतीपर्यंत जावं लागतं.

गणपतीत शेजारच्या घरी भजनाला रावजी सतरंजीवर मांडी घालून दोन तास बसले. आरतीला सगळे उठले, रावजी उठले नाहीत. लोकांना वाटलं, तल्लीन झालेत. आरती संपली, प्रसाद वाटून झाला, तरी रावजी तल्लीनच. शेवटी दोघांनी काखेत हात घालून त्यांना नारळाच्या पोत्यासारखं उभं केलं. त्या दिवशी रावजींनी ठरवलं की जमिनीवरून आपलं आपण उठता आलं पाहिजे. निर्णय एवढाच होता.

चार दिवसांनी ते मिरकरवाड्याला बांगडे आणायला गेले, तर जाळी ठेवायच्या एका जुन्या शेडवर नवा बोर्ड दिसला : ‘जिऊ-जित्सू व मिक्स मार्शल आर्ट. वय ६ ते ६५.’ रावजी त्रेसष्ट वर्षांचे होते. वयोमर्यादा असलेली कोणतीही गोष्ट मुदत संपायच्या आत पदरात पाडून घ्यावी, हा चौतीस वर्षांच्या नोकरीचा संस्कार. ते बांगड्यांसकट आत गेले.

आत सुजय होता. मुंबईला पाच-सहा वर्षं हे शिकून नि शिकवून गावी परतलेला, अठ्ठावीस वर्षांचा, झटापटीत चेंगरून फुलकोबीसारख्या झालेल्या कानांचा मुलगा. तो म्हणाला, “काका, आमच्याकडे सगळं जमिनीवरच चालतं. पडायचं कसं, पडल्यावर करायचं काय, उठायचं कसं.” हा वर्ग सरकारने खास आपल्यासाठी मंजूर केलाय, असं रावजींना वाटलं. त्यांनी फॉर्म भरला, सुजयने न मागितलेल्या कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती जोडल्या आणि अनुक्रमांक सतरावर सही केली.

पहिल्या दिवशी ‘कोळंबी’ नावाचा प्रकार होता. कुशीवर पडायचं, कंबर वाकवायची आणि पायाने रेटा देऊन मागे सरकायचं. रावजी म्हणाले, “कोळंबीने हे जन्मभर केलं, तरी शेवटी ताटातच आली ना?” बाजूला ट्रॉलरवरचे दोन तरुण आणि शाळेतल्या काही मुली सरकत होत्या. कोणी हसलं नाही. “कंबर हलवा, काका,” सुजय म्हणाला.

महिन्याभरात रावजी जमिनीवरून एकटे उठू लागले. (फाइल इथेच बंद व्हायला हवी होती.) पण त्याच सुमारास सुजयने सांगितलं की सगळे पांढऱ्या पट्ट्यावर सुरुवात करतात, त्या पट्ट्याच्या काळ्या टोकाला एकेक करून टेपच्या चार पट्ट्या लागतात आणि मग निळा पट्टा मिळतो. म्हणजे इथे बढती होती. रावजींच्या डोक्यावरून तीन कनिष्ठ लोक एकापाठोपाठ एक अधीक्षक झाले होते, आणि तिन्ही वेळा त्यांना ‘पुढच्या खेपेला बघू’ असं सांगण्यात आलं होतं. आता पुढची खेप आली होती. त्यांनी सगळ्या वर्गाची ज्येष्ठता यादी वहीत उतरवून काढली. वरच्या सोळांपैकी पंधरा गळाले होते, सोळावा हात मोडून घरी होता.

नोव्हेंबरात त्यांची पत्नी सखू त्यांचा विसरलेला चष्मा घेऊन शेडवर आली.

“हे काय चाललंय वो?”

“शिक्षण,” रावजी खालून म्हणाले.

“तो पोरगा तुमच्या छातीवर बसलाय.”

“तो दाब देतोय.”

“नि तुम्ही?”

“मी घेतोय.”

सखू दहा मिनिटं कडेला उभी राहिली. मग म्हणाली, “अवो, त्याचा कोपर मोकळा पडलाय. तो धरा नि वायच कुशीवर व्हा.” रावजींनी काही धरलं नाही, पण छातीवर बसलेल्या सुजयने मान वळवून तिच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी अनुक्रमांक एकतीस.

सखू पूर्णगडची. लहानपणी तिने बापाबरोबर किनाऱ्यावरून रापणीचं लांबलचक जाळं ओढलेलं. समुद्राशी खेचाखेची करून मोठ्या झालेल्या हातात माणसाची कॉलर आली, की ती कॉलर तिच्या मालकीची होते. सत्तावन्नाव्या वर्षी ती ट्रॉलरवरच्या पोरांना पालथं करून “लागलं काय रे बाबा?” असं विचारू लागली. रावजींना याचं वाईट वाटलं नाही. कनिष्ठांनी चांगलं काम करावं, असंच त्यांचं मत होतं.

फेब्रुवारीत पट्टीचा दिवस आला. रावजींनी पोशाखाला इस्त्री केली. पट्ट्यालाही केली. सगळे ओळीत उभे राहिले, सुजय पांढऱ्या टेपचं रीळ घेऊन समोर आला आणि म्हणाला, “आज एकच पट्टी आहे.”

रावजींनी एक पाऊल पुढे टाकलं.

“सखूकाकू,” सुजय म्हणाला.

पुढे टाकलेलं पाऊल मागे कसं घ्यायचं, हे पाच महिन्यांत कोणी शिकवलं नव्हतं. म्हणून रावजी तसेच पुढे गेले, समोरची खिडकी बंद केली आणि जागेवर येऊन उभे राहिले. उकडत होतं. पण खिडकी उघडायची कोणाची छाती झाली नाही.

घरी चालत येताना सखूने विचारलं, “राग आला काय वो?”

“रागाचा प्रश्न नाही. नियमाचा आहे. सतरा आधी येतात की एकतीस?”

“मोजताना सतरा.”

“मग?”

“पण तिकडं कोण मोजत होतं? झटापट चालली होती.”

रावजींनी त्या रात्री काही खाल्लं नाही, असं लिहायला बरं वाटलं असतं. त्यांनी नेहमीइतकंच खाल्लं. पण झोप आली नाही, हे खरं. चौथ्यांदा डावललं गेलं होतं. आणि या खेपेला डोक्यावरून पुढे गेलेली व्यक्ती शेजारी घोरत होती.

रविवारी सकाळी अर्ज लिहायला घेतला. त्यात ‘अर्जदार कौशल्यात कोणत्याही प्रकारे कमी नाही’ असं वाक्य आलं, आणि पुराव्याशिवाय वाक्य लिहायची रावजींना सवय नव्हती. त्यांनी टीपॉय बाजूला सरकवला, सतरंजी अंथरली आणि सखूला हाक मारली.

“आमटी गॅसवर हाय,” सखू म्हणाली. “चार मिनिटं मिळतील.”

एवढी लागली नाहीत. पहिल्या मिनिटात ती त्यांच्या पाठीमागे होती, दुसऱ्यात तिचा हात त्यांच्या हनुवटीखाली गळ्याभोवती आवळला होता. अशा वेळी समोरच्याच्या अंगावर हाताने दोनदा थोपटायचं असतं. त्याला टॅप म्हणतात. टॅप केला की समोरचा सोडतो, दोघं हसतात, पुन्हा सुरू. सहा वर्षांच्या पोरींनाही हे पहिल्या दिवशी शिकवतात.

“टॅप करा वो,” सखू म्हणाली.

रावजींच्या मते टॅप म्हणजे कबुलीजबाब. अर्ज दाखल होण्याआधी कबुलीजबाब दिला, तर दावाच खलास. हात चुकून हलू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी कॉटचा पाय घट्ट धरून ठेवला.

“अवो, टॅप.”

पंखा हळू फिरतोय असं रावजींना वाटलं. मग पंखाच राहिला नाही.

त्याच वेळी शेजारच्या गोदूबाई ओल्या काजूच्या उसळीची वाटी घेऊन दारात आल्या. त्यांना दिसलं ते असं : रावजी सतरंजीवर उताणे, डोळे अर्धे मिटलेले, आणि सखू त्यांचे दोन्ही पाय धरून उभी.

“अगो सखू,” गोदूबाई म्हणाल्या, “कुठं ओढून नेतेस त्यांना?”

“नेत नाय वो काकी. रक्त डोक्याकडं धाडतेय.”

“तू केलंस हे?”

“त्यांनीच सांगितलं कर म्हणून.”

गोदूबाई उंबऱ्यावरच बसल्या. “आमच्या ह्यांनी कधी नाय सांगितलं,” त्या म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, “जपून गो. माणूस गेलं की पेन्शन निम्मी होते. मला विचार.”

इतक्यात रावजींनी डोळे उघडले. “मी टॅप केलेला नाही,” ते म्हणाले. “याची नोंद घ्यावी.”

गोदूबाई वाटी ठेवून घाईने गेल्या. दुपारपर्यंत सगळ्या आळीला बातमी होती. संध्याकाळी तीन बायका रावजींची विचारपूस करायला आल्या. जाताना त्यांनी सखूला वर्गाची वेळ विचारली.

सगळे गेल्यावर सखू रावजींजवळ सतरंजीवर बसली. तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या मांडीवर ओढून घेतले.

“परत असा हात बांधून ठेवलात, तर मी तुमच्याशी खेळायची नाय,” ती म्हणाली. “तुमचे डोळे फिरले नि मला कायच सुचेना. मला पट्टी नको नि काय नको.”

अर्ज फाडावा, असं रावजींना एक क्षण वाटलं. पण दुपारीच त्याची स्वच्छ प्रत लिहून झाली होती, आणि हस्ताक्षर फार चांगलं उतरलं होतं.

सोमवारी त्यांनी तो सुजयच्या हातात दिला. सुजयने उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला.

“काका, ती पट्टी ताकदीची नव्हती,” तो म्हणाला. “काकू सापडल्या की लगेच टॅप करतात, हसतात, पुन्हा सुरू करतात. म्हणून रोज काहीतरी शिकतात. तुम्ही पाच महिन्यांत एकदाही टॅप केला नाहीत. मीच घाबरून तुम्हाला सोडतो दर वेळी.”

रावजींना हा धक्का पट्टीच्या दिवसापेक्षा मोठा होता. पाच महिने ते समजत होते की आपण सुटतोय.

“हे कारण लेखी द्या,” ते म्हणाले.

“लेखी कसं देतात? मी असा कागद कधी बघितला नाय. याचं करायचं काय?”

हा प्रश्न रावजींना चौतीस वर्षांत कोणी इतक्या आदराने विचारला नव्हता. ते खुर्ची ओढून बसले. “असं बघ. आधी आवक क्रमांक टाकायचा. मग थेट निर्णय द्यायचा नाही, तो चुकतो. संबंधित अधिकाऱ्याकडे अभिप्रायासाठी पाठवायचा.”

“संबंधित म्हणजे कोण?”

“नवशिक्यांचं ज्याच्याकडे असेल तो. त्याचा अभिप्राय आला, की तोच तुझा निर्णय.”

“बरं झालं सांगितलंत,” सुजय म्हणाला. त्याने अर्जावर रावजींनी सांगितला तसा क्रमांक टाकला आणि घडी घालून पाकिटात घातला. “आजपासून नवशिक्यांची बॅच सखूकाकूंकडे दिलीय. जाताना तेवढा त्यांना द्याल काय?”

रावजींनी अर्ज स्वतः घरी नेला आणि पोच घेऊन दिला. सखूने भाकऱ्या झाल्यावर हात पुसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग रावजींच्याच पेनाने समासात शेरा लिहिला : ‘अर्जदाराने समक्ष भेटावे. सकाळी सात, वर्गातल्या गादीवर.’

त्याला आज बावीस दिवस झाले. अर्जदार आणि संबंधित अधिकारी एकाच घरात राहतात आणि दोन्ही वेळा समोरासमोर जेवतात. अर्जदार अद्याप समक्ष भेटलेले नाहीत. अर्ज प्रलंबित आहे.