मामाची महाधमनी आणि उखाणा

गेल्या महिन्यापासून माझ्या मामाच्या पोटातली महाधमनी उखाणा घेतल्याशिवाय रक्ताला पुढं सोडत नव्हती.

महाधमनी म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य नळी. मामाची पोटात फुगली होती, हे आधीच्या तपासणीत कळलेलं. आता तिची भिंत किती कडक झालीय ते सोनोग्राफीवर बघायचं होतं. कडक निघाली तर सोमवारी पुण्याला ऑपरेशन, ठोक्यासरशी ताणली जाऊन परत जागेवर आली तर घरी. वसुमती मामीनं पुण्याची बॅग भरून ठेवली होती आणि मामाशी बोलणं कमी केलं होतं. घाबरली की ती असंच करते.

मी दोघांना स्कूटरवर बसवून कराडच्या सेंटरवर घेऊन गेलो. मामा सकाळपासून उपाशी. आत 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी होती आणि तिच्याखाली दुसरी, 'येथे उखाणे पुरवले जात नाहीत.'

डॉक्टर गुळवणी बाईंनी मामाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, पोटावर जेल लावलं आणि मशीनचा आवाज वाढवला.

"नाव घे," आतून भिंत म्हणाली. आवाज थेट दार अडवून उभ्या असलेल्या नणंदेचा.

"शर्टाला बटण, बटणाला काज, वसुमतीचं नाव घेतो आज," रक्त एका दमात म्हणालं. एका ठोक्यात बसवायचं म्हणजे घाई होतेच.

"हा झालाय. कालपासून हाच चाललाय."

"ताई, मागं गर्दी झालीय हो."

"होऊ दे. झालेला उखाणा चालत नाही."

तिनं बोटभर फट ठेवून रक्ताला एकेक करून सोडलं. पडद्यावर भिंत जागची हलली नाही. बाईंनी चष्मा वर केला.

"हलत नाहीये. पण ही कडक आहे की हट्टी, ते मशीनला कळत नाही. दोन्हीचा आकडा सारखाच येतो."

"मग आता काय करायचं हो?" मामीनं विचारलं.

"नवीन उखाण्यावर हलली तर हट्टी. नाही हलली तर पुणे."

"मी सांगते की रक्ताला एक. मला ढीगभर येतात."

"बाहेरच्यांनी सांगायचं नाही, काकू. रीडिंग चुकतं. पेशंटनं स्वतः रचायचा, रक्त आपोआप उचलतं."

मामी खुर्चीत बसली. "झालं मग. चला पुण्याला. ह्यांनी लग्नात तरी कुठं घेतला होता? भूक लागली म्हणून बहिणीच्या हाताखालनं वाकून आत गेले आणि सरळ पानावर बसले."

"पंगत उठत होती गं," मामा म्हणाला.

"अजून 'अगं' नाहीतर 'ऐकलं का'. माझं नाव रेशनकार्डावर बघून खात्री करते मी."

"मामा, घे की," मी म्हणालो. "यमक जुळलं म्हणजे झालं."

"तू गप. तुझं लग्न होऊ दे, मग बोल."

मामानं छताकडं बघितलं. ओठ हलवले. बोटांवर काहीतरी मोजलं. बाईंनी मशीनवरचा हात हलवला नाही. मामीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. मग मामाचे कान लाल झाले आणि आतून रक्त मोठ्यानं म्हणालं,

"पोट उपाशी, पोटावर जेल गारेगार,
वसुमतीचं नाव घेतो, उघड की गं दार!"

मग भिंत खुदकन हसली.

पडद्यावर ती पाळण्यासारखी बाहेर झुलली आणि परत जागेवर आली. रक्त घोळक्यानं पुढं गेलं. बाईंनी झटपट माप घेतलं, बीपीशी ताडून बघितलं, परत घेतलं.

"चांगली ताणली जातेय. हट्टी होती. ऑपरेशन नको. फुगलेली आहेच, म्हणून सहा महिन्यांनी परत दाखवायचं आणि बीपीची गोळी चुकवायची नाही."

मामीनं पदरानं मामाच्या पोटावरचं जेल पुसलं. गरजेपेक्षा बराच वेळ पुसत होती.

"गारेगार म्हणे," ती म्हणाली. "शोभतं का या वयात?"

बाहेर बाकावर तीन पेशंट डोळे मिटून पुटपुटत होते. एकानं मामाला हळूच विचारलं, "पाहुणं, 'शकुंतला'ला काय जुळतं?" मामानं पाटीकडं बोट दाखवलं.

समोरच्या हॉटेलात मामानं दोन प्लेट इडली खाल्ली. मग आम्ही ट्रिपल सीट घरी निघालो. मामा मधे, त्याचं पोट माझ्या पाठीला टेकलेलं, त्यामुळं मला आतलं सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हणतंय रे आत?" मामीनं मागून विचारलं.

"तुझंच नाव घेतंय. तोच उखाणा चाललाय."

"तोच? मग ती अडवत नाही?"

मी स्कूटर जरा हळू केली आणि ऐकलं. रक्त 'पोट उपाशी'पासून सुरू करून 'दार'पर्यंत आलं.

"नाही," मी म्हणालो. "'परत म्हण' म्हणतेय."