सव्वा मापाचा भाऊबंद

शिंदखेड्याकडच्या या गावात श्रावणातला सकाळचा उजेड घाईने येत नाही. आधी तो समोरच्या घराच्या धाब्याच्या छपराच्या कडेवर नुसता टेकतो. मग ओल्या भिंतीवरून थांबत थांबत उतरतो, अंगणातल्या खाटेच्या सुंभात थोडा अडकतो, तांब्याच्या काठावर क्षणभर रेंगाळतो आणि ओळख नसलेल्या घरी पाहुण्याने बसावे तसा माझ्या पायांशी अंग चोरून बसतो. त्या उजेडात दारावरचा कापडी फलक रोज नव्याने वाचता येई : ‘विद्यार्थी दत्तक उपक्रम – विद्यापीठ आणि ग्रामस्थ यांची भागीदारी.’

दत्तक गेलेला विद्यार्थी म्हणजे मी, प्रेमराज. श्रावणात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या अहिराणी गाण्यांवर माझा प्रबंध चालला आहे. प्रबंध पुरा होईपर्यंत माझी राहण्या-जेवणाची सोय अभिमन आबा आणि यशोदा अक्का या निपुत्रिक दांपत्याने आनंदाने पत्करली होती.

आणि आपणांस अभिमानाने सांगतो, खानदेशात राहायला एकच शब्द पुरतो : ‘हाव’! म्हणजे ‘हो’. या एका शब्दाच्या बळावर मी त्या घरात राजासारखा नांदत होतो.

माझा जन्म धुळ्याचा. पण आई शिक्षिका. घरात ‘आहे’ऐवजी ‘शे’ उच्चारला की ती असे पाही, जणू मी पायपुसणे डोक्याला गुंडाळले आहे! उपक्रमाच्या अर्जात मी ‘बोलीशी जन्मापासून परिचय’ असे लिहिले, ते खोटे नव्हते. जुन्या शेजाऱ्याशी असतो तसा तो परिचय होता : वर्षानुवर्षे रोज दिसायचा, नाव विचारायचे तेवढे राहून गेलेले.

“आखो भाकर वाढू का?” अक्का विचारीत.

“हाव!”

पुढच्या जेवणाला मी जेवत नसून पोते भरले जात असल्याचा भास होई. आबा भरभर काही पुसत, मी “हाव!” म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शेळी माझ्यामागे चरायला निघालेली असे!

कानबाईच्या आदल्या दिवशी अक्का गव्हाच्या राशीपुढे बसल्या होत्या. मी चहा पीत होतो. माप हातात धरून त्यांनी विचारले, “भाऊ, तुन्हा नावना बी सव्वा टाकू का?”

साखरेबद्दल असावे, असे वाटून मी म्हणालो, “हाव!”

अक्कांचे डोळे भरून आले. साखरेसाठी इतके? माणसे किती हळवी असतात, या विचाराने माझेही भरून आले.

सण झाला. गाणी मनसोक्त ध्वनिमुद्रित केली. कानबाईला निरोप दिल्यावर ताटात रोट आले. गोड आणि खमंग! मी तीन खाल्ले. चौथा तोंडाशी नेतो तोच आबांचा पुतण्या छगन दारात उभा राहिला.

“आबा! यानी रोट खादा?”

“खादा,” आबा शांतपणे म्हणाले.

“रोट म्हंजे भाऊबंदनाच! आते हाऊ भाऊबंद व्हयना! उद्या वावरमा वाटा मांगी!”

“मांगी तं देसूत!”

“इचारं व्हतं मी त्याले,” अक्का म्हणाल्या. “हाव म्हने.”

छगनने फलकाकडे बोट दाखवले. “आनि हाई काय शे? दत्तक! लिखेल शे वर!”

त्याच घटकेला आढाव्यासाठी जळगावहून उपक्रमाच्या प्रमुख कामिनी मॅडम आल्या. आजच्या त्यांच्या शेऱ्यावर माझा मुक्काम आणि प्रबंध, दोन्ही अवलंबून होते. छगनने त्यांना अंगणातच गाठले आणि सभ्य मराठीत सारे ऐकवले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा माप गहू घालून रोट होतात. परक्याला त्यातला घास वर्ज्य. या मुलाने समजून, सवरून, आपल्या नावाचे माप घालवून घेतले. तीन खाल्ले!

चौथा मी हळूच ताटाखाली सरकवला.

“अहो, दत्तक म्हणजे तसे दत्तक नव्हे!” मॅडम हादरल्या. मग माझ्याकडे वळल्या. “प्रेमराज, हे काय? त्यांनी विचारलेले तुला समजले होते ना?”

‘समजले’ म्हणावे, तर मी जाणूनबुजून आबांच्या शेतावर डोळा ठेवलेला भामटा. ‘नाही’ म्हणावे, तर अहिराणी गाण्यांचा अभ्यासक उरत नाही. सवयीने ओठांवर ‘हाव’ आले. पण छगनच्या मुठी पाहून तेही परत गेले.

“त्याले समजस बठ्ठं,” आबांनी माझी बाजू घेतली. “एकच शब्द बोलस, पन येयवर, बराबर टायमाले बोलस!”

माझ्या नावाचे ते माप अक्कांनी अजून पदराखाली धरले होते, आणि त्या फक्त माझ्याकडे बघत होत्या. सकाळचा तोच लाजरा उजेड आता सरळ माझ्या तोंडावर आला होता.

“मॅडम,” मी म्हणालो, “मला अहिराणी येत नाही.”