कुसुमावतीचा मृत्यू आणि चिन्नोरचा भात

मोतीलालजी निपाने यांच्या हातून डिसेंबरातल्या त्या रविवारी जे घडलं, त्याची सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. दुपारी झोप लागेना, म्हणून ते उठून बैठकीत आले आणि म्हणाले, "मी बी येतो खेळाले."

त्यांना वाटलं, लुडो असेल.

सतरंजीवर त्यांचा मुलगा नीलेश आणि सून रेणू बसली होती. दोघंही पुण्याला नोकरीला, सुट्टीत भंडाऱ्याला आलेली. दोघांच्या मधे फासे पडले होते, पण सरळ चालीचे नव्हेत. एकाला चार तोंडं, एकाला आठ, एकाला तर वीस. (मोतीलालजींची सारी हयात पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात गेली होती. वीस तोंडांचे साहेब त्यांनी पाहिले होते, फासा प्रथमच पाहत होते.)

"बोर्ड कोठी हाये?"

"बोर्ड नसते बाबा याच्यात," रेणू म्हणाली. "सगळं मनात असते. मी गेम मास्टर. मी जग सांगते, तुमी त्या जगातला एक माणूस बनवा. कसा दिसते, काय करते, आधी त्याच्यासंग काय काय घडलं. मंग त्याले घेऊन आपण ड्रॅगनच्या गुहेत जाऊ."

"आज?"

"आत्ता."

"अवो, पण संध्याकाळी तुझे आई-बाबा जेवाले येऊन राहिले ना! तोवर वापस येऊ का आपण?"

हा प्रश्न मोतीलालजींनी पूर्ण गांभीर्यानं विचारला होता, आणि तो रास्तही होता. तुमसरचे व्याही लग्नानंतर प्रथमच जेवायला येणार होते. व्याही केशवराव यांची तुमसरला तांदळाची गिरणी. लग्नाच्या पंगतीत निपान्यांचा भात जरा जास्त शिजला होता. केशवरावांनी एक शीत दोन बोटांत धरून चेपलं होतं आणि "असो" म्हणाले होते. बस, एवढंच. पण ते "असो" मोतीलालजींच्या पत्नी कुसुमताई यांच्या काळजात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. त्यात गेल्या आठवड्यात केशवरावांनी स्वतःच्या गिरणीतलं चिन्नोर तांदळाचं पोतं पाठवून दिलं. म्हणजे आज पेपरही त्यांचा आणि तपासणारही तेच. कुसुमताई सकाळपासून स्वयंपाकघरात होत्या. पाटोडीचा रस्सा झाला होता, वांगी परतून झाली होती. भात तेवढा पाहुणे भंडाऱ्याच्या अलीकडे वरठीला पोचले की टाकायचा, असं ठरलं होतं.

इकडे मोतीलालजींचा माणूस तयार होऊ लागला. नाव वज्रप्रताप. धंदा योद्धा. राजाच्या नोकरीत आहे म्हटल्यावर मोतीलालजींनी त्याला पेन्शन जुनी की नवी, हे आधी विचारून घेतलं. मग उंची साडेसहा फूट, छाती भरदार, केस दाट. (इथे नीलेशनं वडिलांच्या टकलाकडे पाहिलं आणि लगेच छताकडे पाहिलं.) आणि दिसायला असा, की राजकन्या झरोक्यातून वाकून पाहाव्यात.

"थांबा बाबा," रेणू म्हणाली. "तुमी म्हटलं म्हणून होत नाही. लोकायले पटलं पायजे. फासा टाका."

मोतीलालजींनी वीस तोंडांचा फासा टाकला. दोन आले.

"राजकन्यायनं खिडकी लावून घेतली," रेणूनं जाहीर केलं. "आता सांगा, वज्रप्रतापचं जुनं दुःख काय?"

"कायले पायजे दुःख?"

"प्रत्येक हिरोले एक जुनं दुःख असतेच. त्याच्याबिगर माणूस घर सोडून गुहेत कायले जाईल?"

मोतीलालजी विचारात पडले. दुःख शोधायला त्यांनी स्वतःचं आयुष्य चाळून पाहिलं. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा तिकडे बदली होते की काय, या धास्तीनं त्यांची जेवणावरची वासना उडाली होती. पण बदली झाली शेजारच्या टेबलावरच्या टेकचंदची. त्यापलीकडे वादळ म्हणावं असं काही आयुष्यात आलंच नव्हतं.

"त्याचं प्रमोशन लटकलं होतं," ते म्हणाले.

"बाबा, समोर ड्रॅगन हाये," नीलेश म्हणाला. "त्याले काय सांगता, प्रमोशन लटकलं म्हणून? काही तरी जबर सांगा."

आणि इथे मोतीलालजींचा तोल गेला. तरुणपणी गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, रात्रभर चालणाऱ्या नाटकात त्यांनी एकदा दुसऱ्या शिपायाचं काम केलं होतं. वाक्य एकच होतं, "महाराज, घात झाला!" ते चाळीस वर्षं छातीत साचून राहिलं होतं. ते उठून उभे राहिले.

"वज्रप्रतापले एक बायको होती," त्यांचा आवाज थरथरला. "कुसुमावती. गोरीपान, शांत, कधी उलटून न बोलणारी..."

"फासा टाका," रेणू म्हणाली.

"राहू दे. एका काळरात्री ड्रॅगन आला, अन् त्यानं तिले अख्खी गिळली! महाराज, घात झाला! कुसुमावती! अवो कुसुमावतीईई!"

"काय जी? कायले बोंबलून राहिले?"

दारात कुसुमताई उभ्या होत्या. हात कणकेनं भरलेले. मागे कुकरची शिट्टी झाली नाही, पण व्हायला हवी होती.

नीलेशनं घाईघाईनं खुलासा केला. खेळ आहे, गोष्ट आहे, खोटं खोटं आहे. कुसुमताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे मी मेली."

"तू नाही वो, कुसुमावती!"

"हो, हो. कोण गोरीपान बाई मेली, ते समजलं मले. मले येवढंच सांगा, ड्रॅगन मले गिळून राहिला होता तवा तुमी कोठी होते?"

मोतीलालजी गडबडले. गोष्टीचा हा भाग त्यांनी रचलाच नव्हता. आणि घाईत माणूस खोटं रचायला जातो, तेव्हा तोंडातून खरंच बाहेर पडतं.

"वज्रप्रताप... तवा... पानठेल्यावर गेला होता."

नीलेशनं डोक्याला हात लावला.

"बरोबर हाये," कुसुमताई म्हणाल्या. "नीलेशच्या वक्ती दवाखान्यात होती मी, तवा बी तेथीच होते." त्यांनी मोरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि दिवाणावर तक्क्याला टेकून ऐसपैस बसल्या. रिमोट घेऊन टीव्ही लावला.

"अवो, कणीक?"

"मेलेली बाई कणीक मळत नाही."

"अन् चहा?"

"चहा बी करत नाही. घरात मयत झाली जी, चूल कशी पेटते? शेजारची पंचफुला आणून देईल पिठलं-भात."

मोतीलालजी हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. तेवढ्यात रेणूचा फोन वाजला. "बाबाचा होता," ती म्हणाली. "तुमसरून निघाले ते."

मोतीलालजींचं हसू ओसरलं. त्यांनी नीलेशकडे पाहिलं. नीलेशला दोन मिनिटांत होणाऱ्या शेवयांपलीकडे काही येत नव्हतं. रेणूकडे पाहिलं.

"मी गेम मास्टर," रेणूनं हात वर केले. "मले कोणाची बाजू घेता येत नाही. अन् तांदूळ मी लहानपणापासून पोत्यातच पाहिला बाबा, ताटात आईनं वाढला."

तेव्हा निपाने घराण्याचा प्रमुख या नात्यानं मोतीलालजी स्वतः स्वयंपाकघरात शिरले. तांदूळ सापडला. भाताचं पातेलं, म्हणजे गंज, सापडला. प्रश्न पाण्याचा होता. सारी हयात पाटबंधारे खात्यात गेलेल्या माणसाला पाण्याचा अंदाज नसावा, यावर नीलेश काही बोलणार होता, पण बापाचं तोंड पाहून त्यानं गिळून टाकलं.

"कुसुम, पानी किती टाकू?"

कुसुमताईंनी रिमोट उचलून आवाज वाढवला. टीव्हीवर मालिका चालू होती.

"रेणू, तू इचार ना तिले! मेलेल्यासंग बोलाची काही सोय असन ना तुमच्या खेळात?"

"हाये. आत्म्याले एक प्रश्न इचारता येते." रेणूनं फासा टाकला. "बारा. उत्तर मिळेल, पण अर्धंच."

कुसुमताईंनी डोळे मिटले. मग दूर कुठून तरी आल्यासारखा आवाज काढून म्हणाल्या, "बोट... बुडवाआआ..."

"कोणतं बोट? कोठवर?"

आत्मा मालिकेत परतला होता.

मोतीलालजींनी बोट बुडवलं. अंगठा बुडवला. शंका नको म्हणून वरून आणखी एक तांब्या ओतला. थोड्या वेळानं झाकण काढून पाहिलं, तर केशवरावांच्या गिरणीतलं ते सुवासिक, नाजूक, एकेक दाणा मोजून घ्यावा असं चिन्नोर गंजात एकजीव होऊन बसलं होतं. त्यात वाढायचा डाव उभा केला. डाव उभाच राहिला.

"मोहाडी सोडली त्यायनं," बैठकीतून रेणूचा आवाज आला.

मोतीलालजी डाव तसाच सोडून बाहेर धावले. "रेणू, तिले जिती कर! तू मास्टर हायेस. आत्ताच्या आत्ता जिती कर!"

"असं नाही होत बाबा. ड्रॅगनच्या गुहेमागं मृत्यूचं दार हाये. तेथी एक म्हातारी बसली हाये. तिले हरवा. पंधराच्या वर पायजे."

एव्हाना भंडाऱ्यातला एक पेन्शनर सतरंजीवर गुडघे टेकून खरोखर मृत्यूच्या दारात बसला होता. त्यानं फासा टाकला. तीन.

"वज्रप्रताप म्हातारीच्या अंगणात शेणावर पाय घसरून पडला."

पुन्हा टाकला. सात.

"म्हातारीनं त्याले झाडणीनं हाणलं."

दिवाणावरून खुसखुस आली. मोतीलालजींनी त्या बाजूला पाहिलं, तर आत्मा जाहिरात पाहत होता.

"वरठी!" फोन पाहून नीलेश ओरडला.

मोतीलालजींनी फासा कपाळाला लावला, डोळे मिटले, मनातल्या मनात सगळे देव, गोंदिया टाळताना मदतीला आले होते तेवढे सगळे, पुन्हा बोलावले आणि फासा सोडला. तो सतरंजीवरून गडगडत दिवाणाच्या पायाला लागला आणि थांबला.

वीस.

"वीऽऽस!" नीलेशनं उडी मारली. रेणूनं टाळ्या पिटल्या. मोतीलालजी तर मुलाला मिठी मारून नाचले. इतका आनंद त्यांना प्रमोशनच्या दिवशीही झाला नव्हता. "झाली! जिती झाली! कुसुम, ऊठ, भात टाक!"

"एक मिनिट बाबा," रेणू म्हणाली. "एक नियम राहिला. दार उघडलं. पण आत्मा राजी असंल तरच वापस येते."

सगळ्यांनी दिवाणाकडे पाहिलं.

कुसुमताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. "इचार करून सांगते."

"अवो, तुझे इहिण-व्याही नाक्यावर येऊन ठेपले!"

"येथी बरं हाये मले. कोणी चहा मांगत नाही." त्यांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मरनाचं काही नाही जी. ते पानठेल्याचं बदला."

मोतीलालजी सतरंजीवर खाली बसले. या वेळी आवाज थरथरवायची गरज पडली नाही, तो आपोआपच बारीक झाला.

"वज्रप्रताप पानठेल्यावर नोहता. घरीच होता. तिच्याजवळ."

"काय करून राहिला होता?"

"तिले... भाजी निवडून देऊन राहिला होता."

कुसुमताईंनी रेणूकडे पाहिलं. "असं चालते का वो तुमच्या खेळात?"

"चालते आई. ड्रॅगन चालते तर हे बी चालते."

कुसुमताई उठल्या. पदर खोचला. त्या स्वयंपाकघरात गेल्या, आणि डाव उभा असलेला गंज त्यांनी एक शब्दही न बोलता बाजूला सारला. (तो शब्द त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मोतीलालजींना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.) नव्या भाताला उकळी आली तेव्हा दारात गाडीचा हॉर्न वाजला.

"कशा आहात इहिणबाई?" विहीण ललिताबाईंनी आत येत विचारलं.

"मेली होती. आत्ताच आली. बसा ना जी."

पंगत बसली. केशवरावांनी वाढलेल्या भातातलं एक शीत उचललं, दोन बोटांत धरलं. कुसुमताईंचा वाढता हात थांबला. केशवरावांनी शीत चेपलं, पाहिलं, तोंडात टाकलं.

"वा," ते म्हणाले.

काटा निघाला. कुसुमताई अशा काही खुलल्या, की जेवणं आटोपल्यावर स्वतःच सतरंजीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रेणू, मले बी एक बाई बनवून दे. तलवारवाली."

व्याही-विहीण कौतुकानं भोवती बसले. बाई झपाट्यानं तयार झाली. नाव कुसुमावतीच. उंची साडेसहा फूट. ड्रॅगनच्या पोटातून त्याचं पोट फाडून बाहेर आलेली. ताकद किती, म्हणून फासा टाकला तर अठरा. अक्कल किती, तर एकोणीस.

"आता शेवटचं, आई," रेणू म्हणाली. "जुनं दुःख?"

कुसुमताईंनी क्षणभरही विचार केला नाही. कोपऱ्यात मोतीलालजी पहिल्या गंजातला भात दह्यात कालवून एकटेच संपवत बसले होते. (अन्न वाया जाऊ द्यायचं नाही, हा निर्णय त्यांच्या वतीनं घेतला गेला होता.) त्यांच्याकडे एकदा पाहून कुसुमताई म्हणाल्या,

"नवरा जिता हाये."

केशवराव असे हसले की त्यांना ठसका लागला. मोतीलालजींनी तोंडातला गोळा कसाबसा खाली ढकलला आणि तक्रार केली, "असं कसं! माझ्या टायमाले प्रत्येक गोष्टीले फासा टाकाले लावला. लोकायले पटलं पायजे, म्हणे. तिले बी टाकाले लाव ना!"

रेणू फासे डबीत भरू लागली.

"याले फासा नाही लागत, बाबा."