गुणाबाईंचा पहिला नंबर

"आजपासून या मिलमध्ये अन्याय बंद!" अश्वजितने जाहीर केले, आणि त्याच क्षणी त्याचा कम्प्युटर बंद पडला.

मूल गावच्या त्या राइस मिलमध्ये रांग माणसांची नसे, धानाच्या पोत्यांची असे. पोत्याचा धनी चहाला गेला की पोते आपोआप मागे सरके. मग भांडण. पुण्याची नोकरी सोडून आलेल्या अश्वजितने त्यावर पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला होता: नाव सांगा, नंबर घ्या. मालक धनराजभाऊंनी एकच दिवस दिला होता. आज रांग नीट चालली तर मिलमध्ये नोकरी, नाही तर पुन्हा पुण्याची गाडी.

पण यंत्राचा पट्टा घसरला की मेन स्विच पाडायचा, हा मिलचा रिवाज, आणि कम्प्युटरही त्याच स्विचवर. सगळी नावे प्रोग्रामच्या डोक्यात होती. ती डोक्यासकट गेली.

"माहा नंबर पयला होता," रांगेतला लटारू म्हणाला.

"तुहा कुठचा? माहा होता!" गुणाबाई कडाडल्या.

अश्वजित हटला नाही. आता नावे फाइलीत ठेवायची! त्याने प्रोग्राम सुधारला, नावे पुन्हा घेतली आणि स्वतःच फर्मावले, "पाडा आता स्विच!"

वीज परत आली. फाइल कोरी! प्रोग्राम सुरू होताच ती फाइल लिहिण्यासाठी उघडत होता, आणि लिहिण्यासाठी उघडलेली फाइल पायथन आधी साफ पुसतो. पाटी पुसून मग गृहपाठ तपासावा, तसे.

"बाबू, तुह्या मशीनले बदाम चारून पाह्य," लटारूने सुचवले.

"पुन्हा सांगा नावं!" अश्वजित दात खाऊन म्हणाला. या वेळी आधी वाचायचे, मगच लिहायचे, आणि तेही नावागणिक. लटारूला कोपराने मागे सारून गुणाबाईंनी पहिला नंबर पटकावला.

पट्टा घसरला. स्विच पडला. वीज आली तेव्हा सगळी मिल श्वास रोखून पडद्याकडे बघत होती. एक, गुणाबाई. दोन, लटारू. रांग जशीच्या तशी!

धनराजभाऊंनी मान डोलावली. "जमलं गड्या. पुकार नाव."

"गुणाबाई, आणा धान!"

"धान कुठचं? मी तं कोंडा न्याले आली."

"मंग नंबर काऊन लावला?" धनराजभाऊंनी विचारले.

"समदेच लावून राह्यले होते."

"मंग माह्यं घ्या," म्हणत लटारूने पोते उचलले. पण पहिल्याचे धान झाल्याशिवाय प्रोग्राम दुसऱ्याला पुकारत नव्हता, आणि मधूनच नाव काढायची सोय अश्वजितने केलीच नव्हती. त्याने आशेने मेन स्विचकडे पाहिले. आता त्याचाही उपयोग नव्हता.

"बाबू," गुणाबाई हळूच म्हणाल्या, "तेवढं माह्यं नाव पुसून दे ना."