टेंबेअण्णांची अर्धी गाडी

टेंबेअण्णा रोज सकाळी कामावर जाताना आपल्या गाडीचा निरोप घ्यायचे. गाडी अंगणातच असायची आणि अण्णा निघायचे पायी, कारखान्याची बस पकडायला. फाटकापाशी पोचले की थांबायचे, मागे वळायचे, टोपी सारखी करायचे, हातातला जेवणाचा डबा छातीइतका वर उचलून गाडीला दाखवायचे आणि हात हलवून चालू लागायचे. पावसाळ्यात डब्यापाठोपाठ छत्रीही दाखवायचे.

मी तेव्हा बेंगळुरात नवा होतो. सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो आणि मल्लेश्वरममध्ये अण्णांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आमच्या साताऱ्याकडे माणसं बैलांशी बोलतात. पण बैल निदान मान तरी हलवतो. गाडीला डबा दाखवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो नेमका माझा घरमालक निघावा, हे माझं नशीब.

बरं, माणूस वेडा म्हणावा तर तसंही नाही. कारखान्याच्या टूलरूमचे ते फोरमन. केसाएवढा फरक नुसत्या बोटाने सांगायचे. घराणं मूळचं कोकणातलं, पण बेंगळुरात मुरलेलं, त्यामुळे मराठीत कानडीचा हात सढळ. "स्वल्प थांबा पाटणकर, घाई केली की काम जळतं, सरी?" सरी म्हणजे बरं का. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की स्वप्नातसुद्धा मी सावकाश चालू लागलो. आणि काही बिघडलं, मोडलं, फुटलं की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "तत्त्वतः काहीच बिघडलेलं नाही." एकदा स्वयंपाकघराचं छत गळून आमटीत पाणी पडलं, तेव्हाही तत्त्वतः काहीच बिघडलेलं नव्हतं. आमटी तेवढी आम्ही प्यायलो नाही.

गाडी विलायती होती. काळी, गोल पाठीची, मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाकडून घेतलेली. तिचं वैशिष्ट्य असं की ती अर्धीच चमकायची. डाव्या अंगाला मागची बाजू, म्हणजे चाकावरची ती फुगीर कमान आणि डिकीचा गोलावा, इतकी लखलखीत की तिच्यात बघून भांग पाडावा. उजवं अंग मात्र राखेत लोळून आल्यासारखं. अण्णा रोज संध्याकाळी फडकं घेऊन डावी बाजू घासायचे आणि उजवीकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. शिवाय गाडी उभी होती तीही तिरकी. अख्खं अंगण मोकळं असताना मला माझ्या खोलीकडे अंग चोरून जावं लागायचं. एकदा मी सुचवून पाहिलं, "अण्णा, गाडी जरा सरळ लावली तर?"

"ती सरळच आहे," अण्णा म्हणाले. "अंगण तिरकं आहे."

मी अंग चोरून माझ्या खोलीकडे गेलो.

शेजारच्या नंजम्मा कुंपणावरून रोज विचारायच्या, "काय अण्णा, गाडीची स्नान आयिता?" म्हणजे आंघोळ झाली का. अण्णा गंभीरपणे म्हणायचे, "अर्धी आयितु."

घरात दुसरं माणूस म्हणजे अण्णांच्या पत्नी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. मोरीत पाय घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं होतं, आणि मी राहायला येण्याआधीपासून त्या खाटेवरच होत्या. खाट खिडकीला लागून, पण खिडकी घराच्या कडेला. तिथून दिसणार काय, तर गाडीची पाठ आणि कंपाउंडची भिंत. रस्ता नाही, फाटक नाही, माणूस नाही. तरीही गल्लीतली बातमी अक्कांच्या आधी कुणाला कळली, असं कधी झालं नाही.

"पाटणकर," मी भाडं द्यायला गेलो की खाटेवरून आवाज यायचा, "तो चौकड्यांचा शर्ट तुम्हाला शोभत नाही. आणि काल फाटकापाशी उभं राहून त्या गल्लीतल्या दामल्याला काय एवढं हात जोडत होतात? उसने पैसे मागितलेत ना त्याच्याकडे?"

मागितले होते. दामल्याने दिले नव्हते, हेही त्यांना माहीत होतं. बाईला हे सगळं कोण सांगतं, याचा मी पुष्कळ विचार केला आणि नंजम्मांवर ठपका ठेवून मोकळा झालो. तेव्हापासून नंजम्मांसमोर मी हवापाण्याखेरीज बोलायचं सोडलं. त्या बिचारीला वाटलं, हा मुलगा फार लाजाळू आहे. तिने माझ्यासाठी मुली बघायला सुरुवात केली.

तर त्या वर्षी, गणपती नुकते होऊन गेले होते, अण्णांच्या डोक्यात यंत्र शिरलं.

"हातानं घासण्यात दोष आहे," त्यांनी मला अंगणात थांबवून सांगितलं. "उन्हात बघा. दिसतंय जाळं? बारीक बारीक ओरखडे. चित्र फुटतं त्यानं. चेहरा ओळखू येत नाही, सरी?"

"पण गाडीत चेहरा कशाला बघायचा, अण्णा? आरसा आहे की घरात."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा शर्टच चौकड्यांचा असल्यासारखं वाटलं.

ओळखीच्या एका गॅरेजातून त्यांनी पॉलिशचं यंत्र मागून आणलं. भलं दांडगं धूड. पुढे लोकरीची चकती, आणि ती एकाच जागी भन्नाट गरगर फिरायची. रविवारी सकाळी अण्णांनी धोतराचा काच्या मारला, चाकावरच्या कमानीला पेस्ट फासली आणि बटण दाबलं. आवाज असा झाला की नंजम्मांच्या गाईने दावं तोडलं. थोड्या वेळाने वास आला. पोळी तव्यावर विसरली की येतो तसा.

यंत्र उचललं तेव्हा ती आरशासारखी कमान करपली होती. मधोमध करडे डाग आणि भोवती गोल गोल वळसे.

"तत्त्वतः..." अण्णा म्हणाले आणि थांबले.

आतून अक्कांचा आवाज आला, "काय झालं हो? मला काही दिसत नाही."

अण्णा आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या दिवसापासून घराची कळाच गेली. मी भाडं द्यायला गेलो तर अक्का भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी मुद्दाम तो चौकड्यांचा शर्ट घालून गेलो होतो. एक शब्द नाही. नंजम्मांच्या थोरल्या सुनेला मुलगा झाला, हे अक्कांना मी सांगितलं, आणि त्या नुसतं "हो का" म्हणाल्या. मला मनापासून वाईट वाटलं. बाई आपल्या भानगडी काढते याचा एरवी राग येतो, पण ती काढेनाशी झाली की आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटायला लागतं. अण्णा अजूनही फाटकाशी थांबायचे. वळायचे. पण डबा वर उचलायचे नाहीत. तसेच निघून जायचे.

"खंडेनवमीच्या आत ही बाजू आरसा करायची," एका संध्याकाळी ते मला म्हणाले. "हिला शब्द दिलाय. नाही झाली तर माझं तीस-एक वर्षांचं टूलरूम पाण्यात."

आमची खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. त्या दिवशी सगळं बेंगळूर आपापली यंत्रं आणि वाहनं धुऊन, पुसून, झेंडू वाहून उभी करतं. मला वाटलं, पूजेला गाडी डागाळलेली नको एवढंच अक्कांचं म्हणणं असेल. बायकांना अशा गोष्टी लागतात, असं मी तेव्हा म्हणायचो. लग्न झालेलं नव्हतं.

अण्णांनी गावातली दुकानं पालथी घातली. मिळतील ती सगळी यंत्रं एकाच जातीची, जागच्या जागी फिरणारी. "यातलं कुठलंही घेतलं तरी रंग जाळणारच," ते म्हणायचे आणि हात हलवत परत यायचे. दसरा जवळ येत चालला. अण्णांची दाढी वाढली.

आणि एका सकाळी मागच्या दारी नंजम्मा डोशाचं पीठ वाटत होत्या. अक्का पडल्यापासून या घरचं पीठही त्याच वाटून द्यायच्या. दगडी रगडा, त्यात उभा गुंडा. अण्णा पायरीवर डोकं धरून बसलेले, मी दात घासत उभा. एकाएकी आतून अक्का कडाडल्या. किती तरी दिवसांनी.

"नंजम्मा! गुंडा एकाच जागी फिरतोय! आवाजावरून कळतंय मला. पीठ तापेल. नीट फिरू दे, सगळीकडून!"

नंजम्मांनी जीभ चावली आणि हात सैल सोडला. गुंडा रगड्याच्या कडेने गोल जाऊ लागला आणि जाता जाता स्वतःभोवतीही गिरक्या घेऊ लागला.

अण्णा उठून उभे राहिले. मग उकिडवे बसले. मग चक्क रगड्यात डोकं घालून बघू लागले.

"अय्यो अण्णा, केस पडतील!" नंजम्मा ओरडल्या.

"दोन चाली!" अण्णा ओरडले. "पाटणकर, दोन चाली आहेत! हाताची एक, आणि गुंड्याची स्वतःची एक! म्हणून पीठ तापत नाही! अगं, ऐकलंस का? सुटलं!"

त्या दिवशी अण्णांनी कारखान्यात रजा टाकली. मी तर म्हणतो, त्यांच्या नोकरीतली ती पहिलीच. जुन्या बाजारातून विजेचं ड्रिल आणलं. त्याच्या पुढे चकती बसवली, पण मधोमध नाही, जरा बाजूला, आणि तीही बेअरिंगवर मोकळी. म्हणजे मोटर तिला गोल नेणार आणि ती आपल्या मर्जीने स्वतःभोवती फिरणार. एकच जागा सारखी घासली जायला नको. चकतीला मऊ लोकर हवी होती. माझी कानटोपी मऊ होती. पुढचं सांगत नाही, पण त्या थंडीत माझे कान फार दुखले.

पहिल्या चाचणीला यंत्राने अण्णांना अंगणभर नाचवलं. बाजूला बसवलेल्या चकतीमुळे ते असं हिसके मारायचं की अण्णा फाटकाकडे निघाले ते थेट तुळशीपाशी थांबले. तोल सांभाळायला उलट्या बाजूला वजन हवं होतं. अण्णा स्वयंपाकघरात गेले आणि अक्कांच्या तराजूतलं पितळी वजन घेऊन आले. सरकारने किलो आणल्यापासून शेरांची ती जुनी वजनं डब्यात पडूनच होती.

"माझ्या माहेरचं वजन आहे ते!" आतून आवाज आला.

"तुझ्या माहेराशिवाय या घराचा तोल राहायचा नाही!" अण्णांनी उत्तर दिलं. आणि मी शपथेवर सांगतो, आत अक्का हसल्या.

वजन कानशीने घासत घासत, लावून, काढून, पुन्हा लावून त्यांनी तो हिसका घालवला. शेवटी यंत्र हातात नुसतं गुणगुणू लागलं. मग अण्णांनी वाटाण्याएवढी पेस्ट घेतली. चकती आधी रंगावर टेकवली, मग बटण दाबलं. दाब मुळीच दिला नाही. यंत्र आपल्या वजनाने रंगावर बसलं होतं आणि अण्णा फक्त त्याला वाट दाखवत होते. हातभर जागा, तीसुद्धा आधी आडवी, मग उभी, आणि मग पुसून बघायचं. मध्येच तळवा टेकवून बघायचे. "गार आहे! पाटणकर, हात लावा, गार आहे!" तापलेल्या मुलाचा ताप उतरल्यावर बापाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

साहेबाच्या देशातला रंग जाड होता. करपलेला थर गेला आणि खालून काळाभोर रंग वर येऊ लागला. जाळं नाही, ओरखडा नाही. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी शेवटचा हात फिरवला, वर्तमानपत्र कमानीसमोर धरलं आणि उलटा मथळा घडाघडा वाचून दाखवला. नंजम्मांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या यंत्राला अर्ध्याच गाडीचं काम मिळालं होतं, पण विलायतेतून आलं असतं तरी याहून चोख झालं नसतं.

खंडेनवमीला सकाळी मी फुलं घेऊन परतलो. फाटकातून आत पाऊल टाकलं न टाकलं तोच घराच्या कडेने खणखणीत आवाज आला.

"पाटणकर, शर्टाचं वरचं बटण तुटलंय! आणि झेंडू शिळा दिलाय तुम्हाला, परत करा!"

मी जागच्या जागी थिजलो. मी फाटकात होतो. अक्का खाटेवर. मध्ये अख्खं घर.

अंगणात नंजम्मा हळदकुंकवाचं ताट घेऊन त्या चमकत्या कमानीकडे निघाल्या होत्या. "तिकडे नको!" अण्णा असे धावले की ताट उलटायचंच बाकी राहिलं. "देवाचं सगळं उजवीकडे! डाव्या बाजूला बोट लावायचं नाही!" सगळा झेंडू, सगळं कुंकू, सगळी पूजा त्या राखाडी अंगाला झाली.

फुलं द्यायला मी आत गेलो. अक्का उशांना टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले, कपाळाला ठसठशीत कुंकू.

"इथे या," त्या म्हणाल्या. "वाका. माझ्या उशीपाशी डोकं आणा. आता खिडकीतून बघा."

मी वाकून पाहिलं. काळ्या कमानीच्या गोलाव्यात सगळी गल्ली मावली होती. फाटक, रस्ता, कोपऱ्यावरचा कॉफीवाला, तोरण बांधणारी नंजम्मांची धाकटी सून, सायकलवरून जाणारा दामले. सगळी बोटाएवढी, आणि प्रत्येकाचा चेहरा ओळखू येत होता.

"पण अक्का, आरसाच का नाही लावला खिडकीला?" मी विचारलं.

"इश्श! बाईमाणसानं रस्त्यावर आरसा रोखून बसायचं? गल्ली काय म्हणेल? ते म्हणाले, लोकांनी मला वेडा म्हटलं तर चालेल." अक्कांनी पदराने डोळे पुसले. "मला बाहेर न्यायला घेतली होती हो ही गाडी. मी पडले, तेव्हापासून एकटे बसत नाहीत तीत."

मी पुन्हा कमानीकडे पाहिलं.

कारखान्यातही पूजा असायची, त्यामुळे अण्णा बस पकडायला निघाले होते. कमानीत एक इवलंसं धोतर फाटकाकडे चाललेलं दिसलं. फाटकापाशी थांबलं. वळलं. टोपी सारखी केली. मग बऱ्याच दिवसांनी डबा वर उचलून दाखवला.

"डब्याचा वरचा कप्पा नाही, चटणी विसरले," अक्का पुटपुटल्या. "असू दे आज."

कमानीतल्या त्या इवल्या माणसाने हात हलवला. आणि माझ्या शेजारी, पांघरुणातून हात काढून, अक्कांनी त्याला हात केला.